पांडेसऱ्यात मोजे शोधताना

सुरतेत कुणीच नातेवाईक नाही, असं खान्देशी घर मला अजून भेटलेलं नाही. कुणाची आत्या लिंबायतला, कुणाचे काका डिंडोलीत, कुणाची मावसबहीण उधन्यात. माझे मामा पांडेसऱ्यात. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत भुसावळ–सुरत पॅसेंजरने हा प्रवास केला असेल. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं ते नवापूर स्टेशन. पुढे व्यारा, बारडोली, आणि उधना जवळ आलं की सामान दाराशी. तापी नदीही मुलताईहून निघून, भुसावळवरून वाहत सुरतेला येते. आपली माणसं नदीच्या मागोमाग आली असं म्हणायला हरकत नाही. नदी पुढे समुद्राला मिळाली, माणसं उधना-पांडेसऱ्यात थांबली.

पाहुणे आले की आपण त्यांना डुमसचा समुद्र दाखवतो, लोचो खिलवतो, रिंग रोडच्या मार्केटमधून साड्या घेऊन देतो. पांडेसरा कुणी दाखवायला नेत नाही. आपल्याकडची नवी पिढी तर पत्ताही ‘अलथाणजवळ’ असा सांगते. माझ्या मामेभावाच्या लग्नाच्या बायोडाटावर नुसतं ‘सुरत’ छापलं होतं. मामांनी प्रत्येक प्रतीवर पेनाने, स्वल्पविराम देऊन, ‘पांडेसरा’ लिहिलं. त्याच मामेभावाच्या लग्नासाठी मी गेल्या वर्षी तीन दिवस पांडेसऱ्यात आणि सुरतेत मोजे शोधत फिरलो. त्या निमित्ताने लहानपणापासून पाहिलेला हा भाग पहिल्यांदा नीट पाहिला, म्हणून हा लेख.

नवरदेवाची मागणी

मामेभाऊ बँकेत आहे. रिसेप्शनला त्याने तपकिरी थ्री-पीस शिवला होता. वेस्टकोट, खिशात साखळीचं घड्याळ, आजोबांच्या काळातल्यासारखे नक्षीच्या छिद्रांचे बूट. सगळा ‘विंटेज लुक’. मला म्हणाला, “दादा, एकच काम तुझ्याकडे. मोजे. साधे काळे नकोत, विंटेज पाहिजेत. करवल्या बूट पळवणार हे नक्की. मग फोटोत काय दिसणार? मोजेच.”

मुद्दा बिनतोड होता. बूट पळवायची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे, आणि बूट गेल्यावर नवरदेवाच्या अब्रूची सगळी जबाबदारी मोज्यांवर येते.

विंटेज मोजे म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावं लागलं. साधारण शंभर ते साठ वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत सूटखाली जे मोजे घालत, त्यांच्या धर्तीवरचे. ते घोट्याशी संपत नाहीत, पोटरीवर चढतात, म्हणजे बसल्यावर पँट वर सरकली तरी नडगी उघडी पडत नाही. रंग गडद: वाइन, बाटली हिरवा, नेव्ही, मोहरीचा पिवळा. नक्षी ठरलेल्या. एक म्हणजे आरगाइल, तिरके चौकट-हिरे आणि त्यांवरून जाणाऱ्या बारीक तिरक्या रेषा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आरगाइल नावाचा प्रांत आहे, तिथल्या कॅम्पबेल घराण्याच्या चौकड्यांच्या कापडावरून ती आली. दुसरी ‘क्लॉक’, घोट्याच्या बाजूने वर जाणारी भरतकामाची उभी रेघ. शिवाय टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, उभ्या रिब, हेरिंगबोन.

त्या काळच्या बऱ्याच मोज्यांना वर इलॅस्टिक नसे. ते खाली घसरू नयेत म्हणून पुरुष पोटरीला पट्टे बांधत, त्यांना गार्टर म्हणत. आपण शाळेत मोज्यांवर रबरबँड चढवायचो आणि संध्याकाळी पायावर लाल वळ उठायचे, तीच युक्ती. हा त्रास संपला तो लवचिक धाग्यामुळे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा बनवला. आज लेबलवर ‘लायक्रा’ किंवा ‘इलॅस्टेन’ असं दोन-चार टक्के लिहिलेलं असतं, तो हाच. तेव्हा विंटेज दिसणारा आजचा मोजा नक्षीने जुना असला तरी आतून नवाच असतो.

ऑनलाइन असे मोजे मिळत होते. पण मामांचं म्हणणं पडलं, “कापडाच्या गावात राहून मोजे मोबाइलवरून मागवायचे? आधी इथे बघू.”

पांडेसरा, सकाळी आठ वाजता

पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत म्हणजे मुख्यतः रंगाई आणि छपाईच्या मिला. सुरतेच्या लूमवर विणलेलं कोरं पॉलिएस्टर कापड, ज्याला धंद्यात ‘ग्रे’ म्हणतात, ते इथे येतं आणि रंगून, छापून, इस्त्री होऊन मार्केटमध्ये जातं. सकाळी आठला आपण मुख्य रस्त्यावर उभे राहिलो तर आधी दिसतात टेम्पो. त्यांत ग्रेचे टाके दोरीने करकचून बांधलेले, आणि वर एक पोरगा आडवा झोपलेला. पाळी बदलायची वेळ. रात्रपाळीची माणसं डोळे चोळत बाहेर पडतात, दिवसपाळीची डबा हलवत आत जातात. हवेत वाफेचा, कोळशाचा आणि रसायनांचा मिसळलेला वास. लहानपणी मला तोच मामांच्या घराचा वास वाटायचा.

वस्तीत शिरलं की गल्ल्यांमध्ये पाच भाषा. उडिया, भोजपुरी, हिंदी, गुजराती आणि आपली अहिराणी. गंजामकडची माणसं जास्त करून लूमवर, उत्तर प्रदेश-बिहारकडची मिलांत, आणि आपली सगळीकडे. पाटीवर गुजराती, बोलण्यात हिंदी, घरात अहिराणी. श्रावणात कानबाई बसते, गणपतीला ढोल वाजतात, सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. दुपारी ओट्यावर बायका साड्यांना खडे चिकटवत, लेस लावत, निघालेले धागे कापत बसतात. सुरतेच्या दुकानात काचेमागे लखलखणारी साडी याच ओट्यांवरून गेलेली असते.

आम्ही पहिल्यांदा गेलो मामांच्या ओळखीच्या दुकानात. शाळेचे गणवेश, बनियन, रुमाल, मोजे. दुकानदार आमचाच, शिंदखेड्याकडचा.

“काय शोधी राहिना, भाऊ?”

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि हसला. “असा मोजा आठे नही भेटतस.” मग त्याने होतं ते सगळं काउंटरवर काढलं. शाळेचे पांढरे, शाळेचे नेव्ही, बुटात लपणारे छोटे, आणि ऑफिसचे म्हणून विकले जाणारे पातळ चकचकीत काळे. नवरदेवाला दाखवावेत असे एकही नाहीत.

पुढच्या चार दुकानांत तीच गत. दुपारी नायलॉन खमण खाताना मी मामांना विचारलं, “एवढं कापड या गावात तयार होतं. मग मोजे का होत नाहीत?”

‘विणणे’ एकच, पण काम दोन

मामा तीस वर्षांहून जास्त काळ रंगाईच्या खात्यात आहेत. सुरुवात माल उचलण्यापासून झाली, आता मिलमध्ये त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी खिशातला रुमाल काढला. “हा ओढ.” मी ओढला. ताणला गेला नाही. मग त्यांनी माझ्या टी-शर्टची बाही ओढली. ती ताणली आणि परत जागेवर आली. “रुमाल लूमवरचा. टी-शर्ट होजिअरीचा. सुरत मुख्यतः लूमचं गाव.”

मराठीत आपण दोन्हींना ‘विणणे’च म्हणतो. साडी विणतात आणि आजी स्वेटरही विणते. पण लूमवर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरखालून जातो. ते कापड घट्ट, सरळ, ताठ. स्वेटर आणि मोजा मात्र फाशांचा असतो. एका धाग्याचा फास, त्यात दुसरा फास. म्हणून तो ताणतो, टाचेवर वळतो, पायाचा आकार घेतो. मोजा उसवला तर टाक्यामागून टाका पळत जातो, त्याचंही कारण हेच.

मोज्याचं यंत्र म्हणजे एक छोटा उभा सिलिंडर, व्यास साधारण पावणेचार इंच, आणि त्याच्या कडेने सुया. शाळेच्या जाड मोज्याला सुया कमी लागतात, ऑफिसच्या बारीक मोज्याला १६८ किंवा २००. सिलिंडर गोल फिरतो आणि नळी तयार होते. टाच आली की तो पूर्ण फेरा सोडून अर्ध्या सुयांवर पुढे-मागे झुलतो, त्यातून टाचेची वाटी बनते. मला यात माझ्या कामातलं काहीतरी दिसलं. १६८ सुया म्हणजे १६८ रकाने, प्रत्येक फेरा म्हणजे एक ओळ. आरगाइलचा हिरा म्हणजे पडद्यावरच्या चित्रासारखाच चौकोनांचा तक्ता: या ओळीत, या सुईवर, हा रंग.

ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ मध्ये मोजे विणायचं पहिलं यंत्र बनवलं. इंग्रज राजदूत टॉमस रो सुरतजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला तो १६१५ मध्ये, म्हणजे तेव्हा या यंत्राला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्या काळचे इंग्रज गुडघ्यापर्यंत लांब मोजे घालत. सुरतेच्या उकाड्यात त्यांचं काय होत असेल, कुणास ठाऊक. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सुरत येते ती १६६४ आणि १६७० या दोन साली, महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. पण त्या आधीपासून हे शहर जगाशी कापडाचाच व्यवहार करत होतं.

आज भारतात होजिअरी म्हटलं की लुधियाना आणि तिरुप्पूर ही नावं पुढे येतात. चीनमध्ये झेजियांग प्रांतातलं दातांग हे गाव तर मोज्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. सुरतेचं बळ लूममध्ये, जरीत, छपाईत. एका शहराला सगळं येत नाही.

मास्तरांची परीक्षा

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या सुरतेत चौटा बाजारात गेलो. चौटा म्हणजे गर्दी. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मधे हातगाड्या, त्यांतून वाट काढणाऱ्या स्कूटर. बाजूच्या एका गल्लीत होजिअरीचं जुनं दुकान सापडलं. मालकांचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी फोटो पाहिला, मान डोलावली आणि माळ्यावरून तीन खोकी उतरवायला लावली. आत होते तसे मोजे, हिऱ्यांचे, ठिपक्यांचे, रिबचे. माल दिल्लीचा, म्हणाले.

मला तिथेच खरेदी आटोपायची होती. मामांनी खुर्ची मागितली.

आधी त्यांनी एक आरगाइल मोजा घेतला, त्यात मूठ घातली आणि बोटं पसरली. हिऱ्यांमधून पांढरा धागा डोकावू लागला. “पायात घातल्यावर असा दिसेल. बाजूला ठेव.” दुसरा घेतला आणि सरळ उलटा केला. आत रंगीत धाग्यांचं जाळं, एका हिऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुटे लोंबणारे. जुन्या काळी हातावरच्या आरगाइलमध्ये प्रत्येक हिऱ्याचा धागा वेगळा, ज्याचा त्याच्याच जागी फिरवत, म्हणून आत लोंबकळणारं काही नसे. यंत्रावर धागा मागून नेतात. तो लांब सोडला की घालताना पायाचं बोट त्यात अडकतं. “लग्नाच्या दिवशी घाईत घालशील, नख अडकेल, धागा ओढला जाईल, वरचा हिरा तिरका होईल.” बाजूला.

मग बोटांवरची शिवण. त्यांनी डोळे मिटून अंगठ्याने चाचपली. जाड, दोरीसारखी शिवण असेल तर बुटात दिवसभर टोचते. टाके एकास एक जोडलेले असतील तर शिवण सपाट लागते, बोटाला कळतही नाही.

मग धाग्याची परीक्षा. दुकानाबाहेर जाऊन एका नाकारलेल्या मोज्याचा सुटा धागा त्यांनी काडीवर धरला. मालकांची परवानगी घेऊनच. धागा वितळला, काळा कडक मणी झाला. पॉलिएस्टर. दुसऱ्याचा कागदासारखा जळला, जळक्या कागदाचा वास आला, मऊ राख राहिली. सुती. पॉलिएस्टर हवेतलं पाणी जेमतेम ०.४ टक्के धरतं, सूत आठ टक्क्यांच्या आसपास. सुरतेच्या दमट हवेत पायाला हा फरक तासाभरात समजतो.

“मग शंभर टक्के सुती घ्यायचे का?” मी विचारलं.

“नाही. टाच दोन महिन्यांत जाईल. सूत जास्त पाहिजे, टाचेला आणि बोटांना नायलॉनची जोड पाहिजे, आणि वर ताणापुरतं लायक्रा.”

शेवटची परीक्षा रंगाची. त्यांनी माझ्याकडून पांढरा रुमाल घेतला, बाटलीतल्या पाण्याने एक कोपरा भिजवला आणि वाइन रंगाच्या मोज्यावर दहा-बारा वेळा घासला. रुमाल गुलाबी झाला. पुढचा मोजा, दुसरा कोपरा. थोडा गुलाबी. तिसऱ्या खोक्यातल्या ठिपक्यांच्या मोज्यावर घासला, रुमाल पांढराच राहिला. मामांनी तो रुमाल दुकानदारांना दाखवला. दोघेही काही बोलले नाहीत, पण दुकानदारांनी चहा सांगितला.

चहा पिताना मामा म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. “लोकांना वाटतं, रंग चढवणं हे काम. रंग कुणीही चढवेल. जो रंग धाग्याला लागलाच नाही, नुसता वर बसलाय, तो धुऊन काढणं हे खरं काम. त्याला पाणी लागतं, वाफ लागते, वेळ लागतो. ज्याला घाई, तो एक धुणं कमी करतो. ते दुकानात कुणाला दिसत नाही. पहिल्या पावसात दिसतं.”

सुती कापडाच्या रंगाईत हेच होतं. रंगाचा काही भाग धाग्याशी जोडला जातो, उरलेला पाण्याशी जुळून निकामी होतो आणि तसाच चिकटून राहतो. तो पुन्हा पुन्हा गरम पाण्याने काढावा लागतो. पॉलिएस्टरचा प्रकार वेगळा. ते बंद यंत्रात दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा रंग धाग्याच्या आत शिरतो, आणि नंतर वरचा सुटा रंग कॉस्टिक आणि हायड्रो घालून साफ करतात. हेच कॉस्टिक पॉलिएस्टर थोडं खाऊन त्याला रेशमासारखं मऊ करतं, आणि सुताला ताणून धरून दिलं तर चमक आणि ताकद देतं. जुन्या चांगल्या मोज्यांची ती मंद चमक अशाच सुताची असे, ज्याला जॉन मर्सर या इंग्रज माणसाच्या नावावरून मर्सराइज्ड म्हणतात. मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो. यातलं बरंचसं मला त्या चहाच्या टपरीवर कळलं.

आमच्या पायांना वर्षभर पावसाळा

आम्ही वाइन रंगाचे, बारीक ठिपक्यांचे, पोटरीपर्यंतचे मोजे घेतले. दोन जोड, एक घालायला आणि एक ऐनवेळेसाठी. नवरदेवाला आरगाइल हवे होते, म्हणून मित्रमंडळींसाठी त्यातल्या त्यात आतून स्वच्छ असलेले सहा जोड. मग मी मामांना विचारलं, “तुम्हाला कुठले?”

“मला कशाला? मी चप्पल घालणार.”

“मुलाचं लग्न आहे, मामा.”

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मिलमध्ये जमीन कधी कोरडी नसते. सुरुवातीला अनवाणी, मग स्लीपर, नंतर गमबूट. चिखल्या पावसाळ्यात होतात म्हणतात. आमच्या पायांना वर्षभर पावसाळा. मोजे घालायची सवयच राहिली नाही.”

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. लहानपणी त्यांच्या टाचांच्या भेगांत निळा, हिरवा, कधी राणी रंग बसलेला असायचा, आणि आम्हा भाचरांना ती गंमत वाटायची. आज कुठल्या साड्या रंगवल्या ते आम्ही मामांच्या टाचा पाहून ओळखायचो. आता रंग नाही, भेगा आहेत.

घरी आजोबांचा एकच फोटो आहे. धोतर, कुणाकडून तरी मागून आणलेला कोट, टोपी. फोटो पूर्ण उंचीचा, त्यामुळे पाय दिसतात. ते अनवाणी आहेत. आमच्या घरचा विंटेज तो आहे. मामेभाऊ जो मिरवायला निघाला होता तो विंटेज दुसऱ्यांच्या आजोबांचा. त्यात वाईट काहीच नाही. चांगली नक्षी कुणाचीही असो, घ्यावी. पण वाइन रंगाच्या त्या मोज्यांत आपलं असं काही असेल, तर ते रुमालाच्या चार कोपऱ्यांत होतं. चांगला माल कुठला आणि दिखाऊ कुठला, हे ज्याला हाताने कळतं असा माणूस आमच्या घरात आहे, आणि हे तो पांडेसऱ्यात शिकला.

मी मामांसाठी गडद राखाडी, साधे, रिबचे, जास्त सुताचे मोजे घेतले. वर ढिले, म्हणजे वळ उठू नयेत. त्यांनी पैसे देऊ दिले नाहीत. पण मोजे पिशवीत टाकले.

लग्न पार पडलं. करवल्यांनी बूट पळवले, अपेक्षेपेक्षा लवकर, आणि सौदा पुष्कळ महागात पडला. नवरदेव अर्धा तास वाइन रंगाच्या मोज्यांवर मंडपात फिरत होता आणि फोटोवाल्याने त्याचं सोनं केलं. मामा बूट-मोजे घालून व्याह्यांच्या शेजारी बसले होते. नवरीच्या काकांनी विचारलं, “आपण राहायला कुठे?” मामेभाऊ बापाच्या आधी बोलला, “पांडेसऱ्यात. पप्पा तिथे डाइंग मास्तर आहेत.”

तुम्ही घ्याल तेव्हा

आता मामांच्या शाळेतले धडे, ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठी. मोज्यात मूठ घालून पसरा, पांढरं डोकावलं तर ठेवून द्या. उलटा करून पाहा, आत लांब सुटे धागे नकोत. बोटांवरची शिवण डोळे मिटून चाचपा. ओला पांढरा रुमाल घासा, विशेषतः वाइन, नेव्ही आणि काळ्या रंगांवर. लेबलवर सूत सर्वांत जास्त, मग नायलॉन, मग थोडं लायक्रा असं असावं. रंग पँटच्या रंगाशी जुळवा आणि नक्षीला थोडी मोकळीक द्या. पहिल्यांदा वेगळे धुवा, उलटे करून, साध्या पाण्यात. कडक उन्हात वाळवू नका, लायक्रा लवकर मरतं.

आणि सुरतेला आलात तर पांडेसऱ्यात एक फेरी मारा. उधन्याला उतरलं की सोपं. उधना दरवाज्याहून सचिनकडे जाणारी बीआरटीएसची बस त्याच बाजूने जाते. सकाळी आठच्या सुमाराला या, पाळी बदलते तेव्हा. मुलांना बरोबर आणा. आई नेसते ती साडी कुठून येते हे त्यांना दिसेल, आणि ती रंगवणाऱ्या माणसांतली काही आपल्या ओळखीची निघतील.